बाईंच्या फळ्यावरचा खोटा ठराव

पोलीस खात्यातल्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत डोक्यावर दगडही खाल्ला. तरी सगळ्यांत समाधान देऊन गेलेली केस कोणती, असं कोणी विचारलं की माझ्या डोळ्यांसमोर एक काळा लाकडी फळा उभा राहतो. त्या केसमध्ये रक्ताचा थेंब सांडला नव्हता. पण वेळेवर पावलं पडली नसती, तर चाळीसेक कुटुंबं आपल्या घरातून उठली असती.

सत्तरच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. मी नागपुरात फौजदार होतो. सक्करदऱ्याच्या बाजूला आमच्या हद्दीत कोष्टी विणकरांची एक जुनी वस्ती होती. मातीची कौलारू घरं, प्रत्येक घरात माग, आणि दिवसभर धोट्याची खटखट. वस्तीच्या चौकात पिंपळाखाली तो फळा होता. महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई रोज सकाळी सात वाजता त्यावर वस्तीच्या कामाच्या बातम्या लिहायच्या. नळ किती वाजता येणार, देवीची लस टोचणारे कधी येणार, पालिकेच्या सभेत आपल्या वॉर्डाबद्दल काय ठरलं, कोणाच्या घरी मयत झाली. बाई आठवड्यातून दोनदा चालत वॉर्ड ऑफिसात जायच्या, बाकावर बसून विचारायच्या आणि मगच लिहायच्या. वस्तीत वर्तमानपत्र एखादंच यायचं. फळा मात्र सगळे वाचायचे. ज्यांना येत नसे ते दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे.

एका सकाळी या बाई ठाण्यात आल्या. हजेरी नुकतीच आटोपली होती. पांढरं पातळ, हातात छत्री, अंगात ताप. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत.

"साहेब, माझ्या फळ्यावर माझ्याच अक्षरात कोणीतरी खोटं लिहिलं आहे. तक्रार नोंदवायची आहे."

आमचे जमादार गालात हसले. "बाई, खडूनं लिहिलं त्याले कोनतं कलम लावायचं? पुसून टाका न."

"पुसणार नाही," बाई म्हणाल्या. "मी त्यावर चादर टाकून आले आहे. पुसलं तर पुरावा कुठे राहील?"

हे ऐकून मी पेन खाली ठेवलं. खरं सांगायचं तर तोवर मीही अदखलपात्र नोंद करून त्यांना वाटेला लावण्याच्याच विचारात होतो. पण पुराव्याची काळजी घेऊन येणारा फिर्यादी क्वचित भेटतो. मी त्यांना बसवलं, चहा मागवला आणि सगळं ऐकून घेतलं.

हकिकत अशी होती. चार दिवसांपूर्वी वस्तीच्या तळ्याकडच्या बाजूला असलेल्या घरांच्या दारांवर सायक्लोस्टाइल केलेल्या नोटिसा चिकटवलेल्या आढळल्या. रस्ता मोठा करायचा असल्याने पंधरा दिवसांत घरं रिकामी करावीत, नाहीतर सामान जप्त होईल, असा मजकूर. खाली गोल मोहोर आणि न वाचता येणारी सही. लोक घाबरले, पण त्यांनी त्या कागदावर भरवसा ठेवला नाही. ते बाईंकडे गेले. बाई म्हणाल्या, "उद्या वॉर्ड ऑफिसात जाऊन विचारून येते." नेमकं त्याच दिवशी त्यांनी तापानं अंथरूण धरलं. दोन दिवस फळा कोरा राहिला. तिसऱ्या सकाळी लोक चौकात आले तर फळा भरलेला. बाईंचंच गोलसर वळण. रस्त्याचा ठराव मंजूर झाला असून नोटिसा खऱ्या आहेत, असं त्यावर लिहिलं होतं.

नोटिशीनं जे झालं नव्हतं, ते फळ्यानं केलं. दुपारपर्यंत वस्तीत रडारड सुरू झाली. एक जमीनदलाल या भागात वर्षभर हिंडत होता. गणपतीला वर्गणी देणारा, आजाऱ्याला स्कूटरवरून दवाखान्यात नेणारा, मोठा सेवाभावी माणूस. तो आता घरोघर सांगू लागला, "पालिका तुमाले काहीच देणार नाही. मी निदान काही तरी देऊन राहिलो." संध्याकाळपर्यंत सहा घरांनी काडीमोलानं जागा द्यायच्या इसारचिठ्ठीवर अंगठे उमटवले. आणि बाईंच्या दारावर कोणीतरी शेण फेकलं. त्यांचाच एक जुना विद्यार्थी त्यांना तोंडावर म्हणाला, "बाई, तुमी कितीले विकल्या गेल्या?"

हे सांगताना मात्र त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"लिहिणं तुमचं नाही, हे कशावरून?" मी विचारलं. पोलिसाला विचारावंच लागतं.

"रुंदीकरण," त्या म्हणाल्या. "त्यातला रु ऱ्हस्व असतो. फळ्यावर दीर्घ काढला आहे. पस्तीस वर्षं शुद्धलेखन शिकवलं आहे, साहेब. मरताना लिहिलं तरी मी तो दीर्घ काढणार नाही."

मी त्यांनी आणलेली नोटीस उघडली. तिच्यातही रू दीर्घ होता.

मी गुन्हा नोंदवला. चौकात जाऊन दोन पंचांसमक्ष पंचनामा केला. एक औषधाच्या दुकानाचे मालक होते, दुसरे पोस्टमन. एका स्टुडिओवाल्याला बोलावून फळ्याचा फोटो काढला. मग फळा जप्त करून, काचेच्या तावदानासारखा जपत, हातठेल्यावर ठाण्यात आणला. मागे वस्तीतली निम्मी माणसं. जमादार पुटपुटत होते, "तीस वर्षांच्या नोकरीत फळ्याले अटक पहिल्यांदाच करून राहिलो."

दुपारी मी वॉर्ड ऑफिसात गेलो. तिथल्या लिपिकानं कुरकुर न करता जावक रजिस्टर पुढे ठेवलं. नोटिशीवरचा जावक क्रमांक रजिस्टरात होता, पण त्या ओळीत मोकाट डुकरं पकडण्याबाबतचं पत्र होतं. असा ठराव झालेलाच नव्हता. आणखी एक गोष्ट लिपिकानंच दाखवली. नोटिशीत 'विहिरीची गल्ली' असा उल्लेख होता. "साहेब, आमच्या दप्तरात हे नावच नाही. आम्ही ब्लॉक नंबर लिहितो."

ते नाव फक्त बाईंच्या फळ्यावर असायचं. म्हणजे नोटीस लिहिणारा पालिकेचा नव्हता, पण फळा रोज वाचणारा होता.

आता प्रश्न असा की त्याला पकडायचं कसं. नोटिसा खोट्या आहेत असं जाहीर केलं, तर लोक निश्चिंत झाले असते, पण चोर त्याच संध्याकाळी गाव सोडून गेला असता. ठाण्यात आमचा बंदोबस्ताच्या ड्युट्या लिहायचा एक फळा होता. तो मी बाईंना दिला आणि म्हणालो, "यावर लिहा, उद्या पालिकेचे लोक मोजणीला येणार आहेत. खोटं लिहिणारा घाबरून आपोआप पुढे येईल."

बाईंनी खडू खाली ठेवला. "मोजणीला खरंच येणार आहेत?"

"नाही. पण तपासासाठी..."

"मग मी लिहिणार नाही. एकदा माझ्या फळ्यावर दुसऱ्यानं खोटं लिहिलं, त्यानं चाळीस घरं हलली. आता मीच लिहू?"

मला राग आला, हे कबूल करतो. गणवेशातल्या माणसाला नकार ऐकायची सवय नसते. पण त्यांच्या समोर बसून विचार करताना लक्षात आलं की खरं लिहूनही काम होऊ शकतं. आम्ही दोघांनी मिळून मजकूर केला. 'उद्या सकाळी दहा वाजता पोलीस चौकात येऊन सर्व नोटिसा तपासतील. प्रत्येकाने आपली नोटीस आणावी. तोपर्यंत कोणीही कोणत्याही कागदावर सही किंवा अंगठा देऊ नये.' त्यातला शब्द न् शब्द खरा होता. तीन वाजता नवा फळा पिंपळाखाली लागला. दोन शिपाई साध्या कपड्यांत पानठेल्यावर बसवले.

पाच वाजता एक किडकिडीत माणूस खांद्याला झोळी लावून घरोघर फिरू लागला. कचेरीबाहेर झाडाखाली बसून लोकांचे अर्ज टाइप करून देणारा हा अर्जनवीस. "जुन्या नोटिशीत चूक झाली, नवी मिळणार हाय, जुनी परत द्या," असं तो सांगत होता. पाच-सात जणांनी दिल्या. मग तो एका विधवा विणकर बाईच्या घरात शिरला. ती मागावर बसली होती.

"काहून देऊ गा? फळ्यावर तर लिवलं हाय, उद्या घेऊन या म्हणून."

"फळ्याचं काय घेऊन बसली वं? मी हाफिसातून आलो."

"असं का? मंग बस. कागद पेटीत हाय, काढून देतो."

ती मागावरून उठली, बाहेर आली आणि दाराला बाहेरून कडी घातली. मग सरळ पानठेल्यावर जाऊन शिपायाला म्हणाली, "पोलीस हाव न तुमी? बूट पाहूनच समजलं. चला, आत बसवून ठेवला हाय."

ठाण्यात आणल्यावर अर्जनवीस शपथेवर शपथ घेऊ लागला. लोकांच्या मदतीसाठी कागद गोळा करत होतो, एवढंच त्याचं म्हणणं. मी आवाज चढवला नाही. जो माणूस मार खायची तयारी करून बसलेला असतो, त्याला चहा दिला की तो गडबडतो. चहा झाल्यावर मी त्याच्या हातात पाटी आणि खडू दिला आणि चार ओळी सांगितल्या. त्यानं मुद्दाम वेडंवाकडं, तिरपं लिहिलं. बाईंच्या गोल अक्षराशी काडीचंही साम्य नव्हतं. पाटी माझ्याकडे देताना त्याच्या चेहऱ्यावर चक्क समाधान होतं.

मी पाटीवरच्या 'रूंदीकरण' शब्दाखाली बोट ठेवलं. मग नोटिशीतल्या. मग भिंतीला टेकवलेल्या जप्त फळ्यावरच्या.

"हे तिन्ही सारखे कसे?"

त्यानं तिन्ही शब्द पुन्हा वाचले. "साहेब, असंच लिहितात न?" त्यानं विचारलं.

माणूस अक्षराचं वळण बदलू शकतो, चूक बदलू शकत नाही. ती चूक आहे हे त्याला ठाऊकच नसतं. चूक कोणती ते मी सांगितलं, तेव्हा त्यानं डोकं हातात धरलं आणि सगळं सांगून टाकलं. मजकूर त्यानं केला, फळ्यावर पहाटे त्यानंच लिहिलं, पण डोकं दलालाचं. पुढे तळ्याकाठच्या जागांना भाव येणार, असा दलालाचा अंदाज होता. गोळा केलेल्या नोटिसा जाळून संध्याकाळच्या बसनं कुहीला आपल्या गावी निघून जा, असं त्याला सांगण्यात आलं होतं. त्यामुळे त्याच्या गायब होण्यानं दलालाला संशय येणार नव्हता.

पण पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही. टिकतो तो तिच्यावरून सापडलेला माल. मी विचारलं, "मोहोर कुठे आहे?"

"त्यांच्या स्कूटरच्या डिक्कीत. दुसऱ्याच्या हाती देत नाहीत."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता चौक भरला होता. हातात नोटिसा घेतलेली माणसं, कडेवर पोरं घेतलेल्या बाया. दलालही आला होता, इस्त्रीचा बुशशर्ट घालून. बोटाभोवती किल्ल्यांचा जुडगा फिरवत तो मला म्हणाला, "साहेब, बरं झालं आले. गरीब लोक हायेत. मी आपल्या परीनं मदत करून राहिलो."

"ऐकलं आहे," मी म्हणालो. "जरा डिक्की उघडता?"

जुडगा फिरायचा थांबला. "किल्ली घरी राहिली, साहेब."

विणकर बाई गर्दीतून ओरडली, "मंग हातात काय खुळखुळा हाय का गा?"

लोक हसले. दलाल हसला नाही. पंचांसमोर डिक्की उघडली. फडक्यात गुंडाळलेली गोल रबरी मोहोर, शाईची गादी आणि नाव न टाकलेल्या नोटिसांचा गठ्ठा बाहेर आला. वॉर्ड ऑफिसच्या लिपिकाला मी मुद्दाम बोलावलं होतं. त्यानं मोहोर हातात घेतली आणि मोठ्यानं सांगितलं, "ही आमची नाही. असा कोणताही ठराव झालेला नाही. कोणाचंही घर जाणार नाही."

क्षणभर कोणालाच खरं वाटेना. मग एकदम जो आवाज उठला, तसा आवाज मी निवडणुकीच्या मिरवणुकीतही ऐकला नव्हता. बाया एकमेकींच्या गळ्यात पडल्या. आणि पुरुष दलालाकडे धावले. माझे शिपाई मोजून चार. मी शिट्टी तोंडाला लावली, तेवढ्यात मागून आवाज आला.

"खाली बसा सगळे!"

बाई उभ्या होत्या. तापानं फणफणलेल्या, छत्रीला टेकलेल्या. आणि बघता बघता तो सगळा जमाव खाली बसला. अर्ध्यांना त्यांनी बाराखडी शिकवली होती. पन्नाशीचा एक माणूस तर मांडी घालून, हात गुडघ्यांवर ठेवून बसला. माझ्या शिट्टीनं हे झालं नसतं.

दलालाला गाडीत घातलं. तेव्हा तो जुना विद्यार्थी बाईंसमोर येऊन उभा राहिला. बाईच बोलल्या, "मी तुला वाचायला शिकवलं. वाचल्यावर विचारायचं असतं, ते शिकवायचं राहिलं. चूक माझीही आहे." तो पायाशी वाकला. बाईंनी त्याला उठवलं, आणि मग इतके दिवस आवरून धरलेलं रडू त्यांना फुटलं.

सहाही इसारचिठ्ठ्या रद्द झाल्या. फसवणूक आणि बनावट दस्तऐवजाबद्दल दोघांनाही शिक्षा झाली. उलटतपासणीत बचावाच्या वकिलांनी बाईंना विचारलं, ऱ्हस्व-दीर्घानं असा काय मोठा फरक पडतो? त्यावर बाईंनी त्यांना भर कोर्टात चार उदाहरणं दिली. न्यायाधीश महाराज रुमाल तोंडाला लावून बसले होते. पुढे बाई प्रत्येक बातमीपुढे ती कोणाकडून कळली, हेही लिहू लागल्या.

या केसनं मला एक गोष्ट शिकवली. दलालाकडे पैसा होता, मोहोर होती, टाइप केलेला कागद होता. तरी वस्ती हलवायला त्याला एका निवृत्त शिक्षिकेचं अक्षर चोरावं लागलं. सरकारी शिक्क्यापेक्षा लोक कोणाच्या शब्दावर विसंबतात, हे त्याला ठाऊक होतं. त्या हद्दीत दोन वर्षं काढूनही मला ते ठाऊक नव्हतं. त्यानंतर कुठेही बदली झाली की चार्ज घेतल्यावर मी पहिल्या आठवड्यात पुढाऱ्यांच्या भेटी घेत नसे. पायी फिरून एकच गोष्ट विचारत असे, इथे खरी बातमी कोण सांगतं? एका गावी ती पिठाच्या गिरणीवाली निघाली, एका गावी पोस्टमन, एका ठिकाणी मशिदीबाहेर सायकली दुरुस्त करणारा. त्या माणसाशी ओळख करून घेतली की मला निर्धास्त झोप लागायची.