मामाची बुटकी गाडी

हदगावात माझ्या मामाइतका कंपन्यांवर अविश्वास असलेला माणूस दुसरा नसेल. म्हणजे, मी काही सगळं हदगाव पाहिलेलं नाही. पण मामाच्या घरात कुठलीच वस्तू कंपनीनं पाठवली तशी राहिलेली नाही, एवढं खात्रीनं सांगतो. पंख्याला सायकलचं स्टँड आहे, कपाटाला ट्रंकेची कडी. "कंपनीला काय ठाव आपल्या घरचं," असं तो म्हणतो. वेल्डिंगचं मशीन ओसरीतच असतं. ते सुरू झालं की गल्लीतले दिवे मंद होतात, त्यामुळे शेजारच्या काकू मिक्सर लावण्याआधी भिंतीवरून विचारतात, "भाऊ, चटणी वाटू का?" मोजायच्या टेपवरही त्याचा विश्वास नाही, कारण टेप कंपनीचीच. तो सुतळीनं माप घेतो, गाठ मारतो आणि सुतळी खिळ्याला टांगतो. कुठली गाठ कशाची, हे त्यालाच माहीत.

दोन वर्षांपूर्वी मामीचा गुडघा आखडला. एसटीची पायरी चढवेना, रिक्षात पाय मुडपेना, मोटारसायकलवर बसायला स्टूल लागे. तिची आई चौदा किलोमीटरवरच्या खेड्यात अंथरुणाला खिळलेली. मामी कुणाला काही म्हणायची नाही, फक्त त्या गावची भाजीवाली आली की घरात वांगी असतानाही वांगी घ्यायची आणि "माय जेवती का नीट?" असं विचारायची.

एका सकाळी मामी बाजेवर मेथी निवडत होती. मामानं खाली बसून बाजेची उंची सुतळीनं मोजली.

"आवं, काय करून राहिले?"

"उठू नको. बस तशीच."

दुपारपर्यंत मोटारसायकलची चेसी मागून कापलेली होती. मी सुट्टीला आलो होतो. गाडी मजबूत राहील ना, असं मी चाचरत विचारलं.

"तू कॉलेजात काय शिकतो?"

"इतिहास."

"मग आधी घडू दे."

आठ दिवसांत सीट बाजेच्या उंचीला आलं. मामी कुणाचा हात न धरता बसली. गाडी निघाली आणि पहिल्याच गतिरोधकावर पोट टेकून अडकली. मामानं सगळं मोजलं होतं, गतिरोधक सोडून. वाटेत असे नऊ होते. प्रत्येक ठिकाणी मामा उतरायचा आणि मामीला बसवूनच गाडी ढकलत पलीकडे न्यायचा. एकदा एसटीचा ड्रायव्हर थांबून म्हणाला, "वहिनी, त्यांना बी बसवा की कधी." मामीनं पदर ओढून घेतला. "लोक बघून राहिले," ती पुटपुटली. "बघू दे," मामा म्हणाला, आणि ढकलत राहिला.

दर सोमवारी ती आईपाशी पोचली. आईच्या शेवटच्या सोमवारीही ती उशाशी होती.

यंदा दिवाळीला गेलो तेव्हा गाडी ओसरीतच उभी होती. आता तिकडं फारसं जाणं नाही, म्हणून मी विचारलं, "मामा, चेसी परत वर घ्यायची का?"

मामानं आधी घरात डोकावून पाहिलं.

"हळू बोल," तो म्हणाला. "तिचा दुसरा गुडघा बी दुखून राहिलाय. अजून कोणाला सांगितलं न्हाई तिनं."