आला, आली, आलं आणि जाऊबाई

अख्ख्या लीड्समध्ये आमच्या जाऊबाईंना न घाबरणारा एकच माणूस होता, तो म्हणजे आमचे थोरले दीर. तेही, मला वाटतं, कानांनी जरा कमी ऐकत म्हणून. जाऊबाई हॉस्पिटलात भूल देणाऱ्या डॉक्टर. दिवसभर परक्या लोकांना झोपवायचं आणि संध्याकाळी घरी येऊन आपल्या माणसांना जागं करायचं, हा त्यांचा दिनक्रम. बारा महिने सुती साडी, त्यावर दिरांचा जुना ओव्हरकोट आणि पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. गाडी चालवताना बसस्टॉपवर एखादा आपल्याकडचा चेहरा दिसला की त्या गाडी थांबवून त्याला आत घेत, आणि कुठे जायचंय हे दोन मैल गेल्यावर विचारत. एकदा एक गृहस्थ नुसतेच बहिणीची वाट बघत उभे होते. ते आमच्याकडे जेवूनच गेले.

मी त्यांची धाकटी जाऊ. सातवीनंतर शाळा सुटली, लग्न करून इकडे आले, आणि पहिली दोन वर्षं तोंड उघडलं ते फक्त जेवायला. बसमध्ये कंडक्टरने इथल्या रीतीप्रमाणे 'लव्ह' म्हणून हाक मारली तरी मी पुढच्याच स्टॉपवर उतरून जायची. जाऊबाईंनी एके दिवशी मला धरून जवळच्या कॉलेजच्या कँटीनमध्ये नेलं आणि नोकरीला लावलं. "अहो जाऊबाई, मला इंग्लिश येत नाही," मी रडकुंडीला आले. "'सॉरी', 'प्लीज' आणि 'ग्रेव्ही घालू का' एवढं येतं ना? हे इंग्लिश लोकसुद्धा याहून जास्त बोलत नाहीत," त्या म्हणाल्या. पहिला गरम कोट त्यांनीच घेऊन दिला. उपकार त्यांनी कधी बोलून दाखवला नाही, आणि मी बोलून दाखवलेला तर त्यांना मुळीच खपायचा नाही. त्यांची एकच तक्रार असे. "जाऊबाई, जाऊबाई काय करतेस? मी काय तुझी सासू आहे? अगं म्हण मला." पण माझी जीभ 'अहो'वरून खाली उतरायलाच तयार नसे.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातल्या शेवटच्या शेवटच्या एका हिवाळ्याची. मला न्यायला आल्या असताना कँटीनच्या दारावर त्यांनी एक चिठ्ठी वाचली: फुटबॉल टीमला डॉक्टर हवा. लगेच हो म्हणून मोकळ्या झाल्या. शनिवारी मैदानावर जाऊन बघतो तर मुलांचे खांदे हे एवढाले फुगलेले आणि डोक्यावर लोखंडी जाळीच्या टोप्या. "अगं, यांची हाडं आधीच मोडलीत की काय?" जाऊबाई म्हणाल्या. कीथ नावाच्या उंच, नम्र कॅप्टनने खुलासा केला, की हा अमेरिकन फुटबॉल. टीव्हीवर दाखवायला लागल्यापासून कॉलेजाकॉलेजांतून सुरू झालाय. नियम अख्ख्या टीमला मिळून निम्मे ठाऊक. मुलं अठरा आणि हेल्मेटं तेरा, त्यामुळे बाहेर येणाऱ्याने डोक्यावरचं काढून आत जाणाऱ्याला घालायचं. खांद्यांत भरलेला स्पंज कुणाच्या तरी आजीच्या सोफ्यातला होता.

दुसरा कोणी डॉक्टर असता तर चुकून आलो म्हणून परत फिरला असता. जाऊबाई पाच मिनिटं बघत राहिल्या आणि त्यांचे डोळे चमकले. "अगं, हा तर हुतूतू! मधे रेघ, समोरासमोर गडी, धर, पाड, परत उभा राहा. फक्त या गाढवांना दम घुमवता येत नाही." त्या आपल्या मेडिकल कॉलेजच्या हुतूतूच्या कॅप्टन होत्या. पुढच्या शनिवारपासून त्या डॉक्टर राहिल्या नाहीत, कोच झाल्या. साडी खोचून, चिखलात उतरून त्या कीथला पट काढायला, म्हणजे पाय ओढून पाडायला, शिकवत. मध्यंतरात इतर टीमची मुलं संत्री खात. आमची आमसुलाचं गरम सार पीत. "डॉक्टर, हे औषध आहे का?" कीथने विचारलं. "हो, हरणाऱ्यांसाठी," जाऊबाई म्हणाल्या. ते औषध भरपूर लागलं. आम्ही ओळीने पाच सामने हरलो.

मग कॉलेजात खेळांचं खातं सांभाळणाऱ्या साहेबांनी कीथला बोलावून सांगितलं: उरलेला एक सामना जिंकलात तर ठीक, नाहीतर पुढल्या वर्षी मैदान हॉकीला. मुलांचे चेहरे उतरले. जाऊबाईंनी कारण शोधलं. डाव कुठल्या बाजूने जाणार हे कीथ ओरडून सांगे, आणि सगळ्या टीम एकच पुस्तक वाचून खेळायला शिकलेल्या, त्यामुळे समोरच्यांना ते आधीच कळे. "आपण मराठीत ओरडायचं," जाऊबाईंनी जाहीर केलं. आधी आकडे शिकवले. 'एकोणसाठ' म्हणताना कीथचा जबडा असा अडकला, की त्यांना खरोखरच डॉक्टर व्हावं लागलं.

शेवटी त्यांनी युक्ती काढली. शब्द कुठलाही असो, मुलांनी फक्त शेवटचा स्वर ऐकायचा. 'आला' ऐकलं की उजवीकडे, 'आली' म्हणजे डावीकडे, 'आलं' म्हणजे चेंडू लांब फेकायचा. आणि हे ओरडणार कोण? "तू," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. "माहेरी ओढ्यापलीकडच्या म्हशींना अलीकडून हाक मारायचीस ना?" मी मागे सरकले. पण शाळेत मला व्याकरणातलं 'लिंग ओळखा' एवढं एकच जमायचं, हेही खरं.

शेवटचा सामना शेजारच्या गावच्या कॉलेजाशी. जाऊबाई बोटांनी खूण करत, एक, दोन, तीन, आणि मी कँटीन डोळ्यांपुढे आणून ओरडे: "बटाटा आला! कढी आली! लोणचं आलं!" आमची मुलं अशी पळू लागली की बस्स. पण मध्यंतराच्या आधी समोरचा एक सावळा, दणकट मुलगा दचकून थांबला. आपल्याच गड्यांना म्हणाला, "ही बाई मराठी बोलतेय! माझे आईबाबा बोलतात तसं!" मी मनात म्हटलं, झालं, संपलं. तो कान देऊन ऐकू लागला आणि टीमला ओरडून अर्थ सांगू लागला: "पोटॅटो! पोटॅटो म्हणजे उजवीकडे!" पुढच्या खेपेला मी 'कांदा' म्हटलं. त्याने डोकं धरलं. इथेच जन्मलेलं ते लेकरू. त्याला आला, आली, आलं हे सगळं एकच. शेवटी तो रेषेजवळ येऊन अजिजीने म्हणाला, "काकू, तुमची बटाटा परत कधी येणार?" मी सातवी पास बाई, पण 'तुमची बटाटा' ऐकून माझ्यासुद्धा अंगावर काटा आला.

सामना शून्य-शून्य. पाचेक मिनिटं उरली असताना जाऊबाईंचा हॉस्पिटलचा बीपर वाजला. "फोन करून येते. आता तूच ठरव," म्हणाल्या आणि कार पार्कपलीकडच्या ऑफिसकडे गेल्या. तूच ठरव! आजवर माझ्या आयुष्यातलं काही मी ठरवलं नव्हतं. दोन डाव कसेबसे काढले: "भोपळा आला", "भाकरी आली". मग डोकं रिकामं. अख्खा स्वयंपाक संपला. मुलं रांगेत वाकून उभी, कीथ जाळीतून माझ्याकडे बघतोय, पंचाने घड्याळ वर धरलंय. मी केविलवाणी इकडेतिकडे बघतेय, तोच कार पार्कातून साडी खोचून, रबरी बूट फटाफट आपटत त्या पळत येताना दिसल्या. आनंदाने माझ्या तोंडून सगळ्या जोरानिशी निघून गेलं:

"जाऊबाई आल्या!"

'आल्या' आम्ही शिकवलेलंच नव्हतं; कुणाला त्यात 'आला' ऐकू आलं, कुणाला 'आली'. निम्मी मुलं उजवीकडे पळाली, निम्मी डावीकडे, आणि त्यांच्यामागे समोरचे गडीही दोन्हीकडे पांगले. मधे उरला चेंडू घेतलेला गोंधळलेला कीथ, आणि त्याच्यापुढे तो एकटा मराठी मुलगा. पण त्याला वाक्य कळलं होतं. कुणीतरी वडीलधारं आलंय म्हटल्यावर तो पाठ फिरवून कार पार्ककडे बघत सरळ उभा राहिला. कीथ त्याच्या शेजारून, अंगाला अंग न लावता, थेट पलीकडच्या रेषेपार गेला, आणि सामना आमचा झाला.

नंतर तो मुलगा जाऊबाईंच्या पाया पडला. "मोठी माणूस आली की उभा राहायचं, आई म्हणतो," असं काहीतरी म्हणाला. कीथने मला उचलून चिखलातच गोल फिरवलं. मी काय ओरडले हे कळल्यावर जाऊबाई हसत हसत मैदानातच फतकल मारून बसल्या. "बरं झालं बाई, मला अगं म्हणत नाहीस! 'आली' म्हणाली असतीस तर सगळी डावीकडे जाऊन पडली असती."

मैदान राहिलं. पुढल्या वर्षी टीमला शिट्टीवाला खरा कोच मिळाला, प्रत्येकाला हेल्मेट मिळालं, आणि आमची गरज संपली. कँटीनमध्ये मात्र मी आता ग्रेव्हीपलीकडचंही बोलू लागले. रिटायर झाल्यावर जाऊबाई लेकीकडे साउथहॅम्प्टनला गेल्या. दर रविवारी फोन येतो. आवाज हल्ली बारीक झालाय. परवा म्हणाल्या, "आता तरी अगं म्हण की." मी धीर करून म्हटलं, "अगं..." मग त्याच म्हणाल्या, "नको गं. परकंच कुणीतरी बोलल्यासारखं वाटलं."

अजूनही दारासमोर गाडी थांबली, दार आपटलं, की हातातलं टाकून मी खिडकीशी जाते. तोंड उघडतं, 'आल्या' ओठांवर येतं.

पोस्टमन आला. म्हणजे उजवीकडे.