फेट्याला डोकं हवं

सांगलीच्या कॉलेजात मी सारी नोकरी इतिहास शिकवण्यात घालवली. त्यात जेरुसलेमच्या राज्याचा तास मुलांचा सगळ्यात आवडता. युरोपातून धर्मयुद्धाला आलेल्या सरदारांनी मिळवलेलं ते राज्य, आणि त्याची गादी बसेल त्याला गिळणारी. एका राजाचा कुष्ठरोग तो लहान असतानाच लक्षात आला. पोरं खेळता खेळता एकमेकांच्या दंडाला चिमटे काढायची, बाकीची ओरडायची, हा गप्प. गुरुजींना आधी वाटलं, पोर सोशिक आहे. मग कळलं की हात बधिर झालाय. पुढं त्याला मूलबाळ नाही म्हणून त्यानं जिवंतपणीच बहिणीच्या लहानग्या मुलाला राजा केलं. त्या दिवशी एका उंच सरदारानं पोराला उचलून घेतलं होतं, कारण राजाचं डोकं कुणाच्या डोक्याखाली दिसता कामा नये. ते पोरही फार जगलं नाही. मग गादी बायकांच्या हातून त्यांच्या नवऱ्यांकडे जायला लागली. त्यातल्या एका राणीचा एक नवरा भर रस्त्यात भोसकला गेला, एक खिडकीतून पडला, एक मासे खाऊन मेला.

माशांपाशी वर्ग हसायचा. एकदा मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, मग त्या गादीवर बसायला तयार तरी कोण व्हायचं?" मी म्हटलं, हे परीक्षेला येत नाही, खाली बस. माझा स्वभावच तसा, उत्तर येत नसलं की मी आवाज चढवते.

आमचं गाव औंधच्या पुढं, माणदेशाच्या कडेला. चैत्रात देवीची जत्रा भरते आणि पालखी उचलण्याआधी आमच्या घरातल्या कर्त्या माणसाला मानाचा फेटा बांधतात. फेटा दरवर्षी तोच. बांधलेला सोडून, घडी घालून गुरव देवळातल्या पेटीत ठेवतो. त्याच्यावर देवीचा गुलाल असतो म्हणून तो धूत नाहीत. मूळ रंग कोणता होता ते आता कुणालाच सांगता येत नाही. एकच नेम, एकही जत्रा फेटा रिकामा राहता कामा नये, नाहीतर गावावर देवीचा कोप.

वडिलांनी तो म्हातारे होईपर्यंत बांधला. त्यांच्यानंतर माझ्या भावानं बांधला, आणि पुढची जत्रा त्यानं पाहिली नाही. सकाळी ओट्यावर तपकीर ओढत बसला होता, तिथंच मान टाकली. मग त्याचा मुलगा, माझा पुतण्या. फौजेतून निवृत्त होऊन तो शिरवळला एका कारखान्यात सुरक्षारक्षक झाला होता. जत्रेला खास रजा काढून आला आणि फेटा बांधून पालखीपुढं लहान पोरासारखा नाचला. त्याच पावसाळ्यात हमरस्त्यावर त्याची मोटारसायकल घसरली.

राहिला त्याचा मुलगा. नुकताच शाळेत जायला लागलेला.

गेल्या जत्रेला माझी सून म्हणजे पुतण्याची बायको त्याला घेऊन शिरवळहून आली. तीही तिथंच एका कंपनीत कामाला आहे. मी सांगलीहून आदल्या दिवशीच पोचले होते. गावात काही कुणी उघड बोलत नव्हतं, पण बायका त्या पोराच्या गालावरून हात फिरवून बोटं कानशिलावर जरा जास्तच मोडत होत्या.

दुपारी अंगणात माझ्या चुलतभावानं पोराला खांद्यावर घेऊन तालीम सुरू केली. पोराच्या डोक्याला टॉवेल गुंडाळला होता. "ताठ बस रं गड्या! समद्यांच्या वर डोकं पायजे तुजं. उद्या तू राजा हायस." भिंतीवर दोघांची मिळून एकच लांब सावली पडली होती. मी हातातली सुपली खाली ठेवली. मी वर्षानुवर्षं शिकवलेलं चित्र माझ्याच अंगणात उभं होतं.

पोर खाली उतरल्यावर मी त्याला जवळ घेतलं. आजूबाजूला कुणी नाही बघून त्याच्या दंडाला चिमटा काढला. चांगला जोरात. तो रडला नाही. नुसता माझ्याकडं बघत राहिला.

"दुखलं न्हाई व्हय रं?"

"लय दुखलं," तो म्हणाला. "पण फौजी रडत न्हाई. पप्पा म्हणायचे."

मी त्याला इतकं घट्ट धरलं की तो वैतागला. सुटका करून घेऊन सरळ देवळात पळाला. तिथं गुरवानं फेटा उन्हाला घातला होता. मी मागून पोचले तोवर पोरानं त्याला हात लावलाही होता. "ओला हाय," तो मला म्हणाला. मी चाचपून पाहिलं. कापड खडखडीत कोरडं होतं. गुरवानं ऊन असतानाच घडी घालून पेटी बंद केली.

संध्याकाळी पुरणासाठी डाळ निवडताना सूनबाई पहिल्यांदा रडली. "आत्या, न्हाई म्हणायची सोय हाय का मला? गावात कुणाच्या घरात काय झालं तर माज्या लेकराचं नाव घेत्याल."

मला सांत्वन करता येत नाही. गोष्ट तेवढी सांगता येते. तिचं रडं थांबावं म्हणून मी तिला त्या पोर राजाच्या आईची गोष्ट सांगितली. पोर गेल्यावर गादी तिच्याकडं आली, पण तिचा नवरा कुणाला पसंत नव्हता. सरदार म्हणाले, नवऱ्याला सोड, मग तुला मुकुट. ती म्हणाली, सोडते, पण दुसरा मी माझ्या मनानं निवडणार. सगळे कबूल झाले. मुकुट डोक्यावर आल्यावर तिनं त्याच नवऱ्याला पुढं बोलावलं आणि त्याच्या डोक्यावर मुकुट ठेवला.

सूनबाईचे हात डाळीत थांबले. "शबूद आधी घेतला म्हणा की," ती म्हणाली आणि उठून चूल पेटवायला गेली.

दुसऱ्या दिवशी देवळापुढं सारा गाव जमला. चुलतभाऊ पोराला उचलायला वाकला तेवढ्यात सूनबाई पदर सावरून पुढं आली. "पोरगं लय ल्हान हाय. ते जाणतं हुईस्तवर दुसऱ्या कुणाला बांधला तर चालंल का?"

म्हाताऱ्यांची कुजबुज झाली. त्यातला सगळ्यात वयस्क म्हणाला, "चालंल. पर ह्याच घरात जल्मलेलं आन् ह्याच आडनावाचं पायजे. कुणाला ते तू सांग, पोराची आई हायस."

"मी सांगंन त्याला बांधणार न्हवं? मागनं बदलणार न्हाई?"

"देवीम्होरं बोलतुय, पोरी."

चुलतभावानं सदऱ्याची कॉलर सारखी केली. सूनबाईनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"आत्यांना बांधा," ती म्हणाली.

मी लग्न केलेलं नाही. त्यामुळं माझं आडनाव जन्मल्यापासून तेच आहे. याबद्दल गावानं मला आयुष्यभर टोमणे मारले. त्या दिवशी मात्र तेच आडनाव सगळ्यांच्या आडवं आलं. "बाईमाणसाला फेटा?" एकजण कसाबसा म्हणाला. त्यावर गुरवानं शांतपणे पेटी उघडली. "नेमात बाई-बापय असं काय न्हाई. फेट्याला डोकं पायजे."

मी सूनबाईकडं पाहिलं. तिनं नजर खाली घातली नाही. एका हातानं तिनं पोराला पोटाशी दाबून धरलं होतं. मला राग आला, भीतीही वाटली. पण त्या हाताकडं बघितल्यावर पाय आपोआप पुढं पडले. गुरव एकेक पीळ देत गेला. आधी वडिलांच्या खोबरेल तेलाचा वास आला, मग तपकिरीचा. पुतण्याच्या घामाचाही. कपाळावरची पट्टी ओली होती. थंड नाही, कुणी नुकतीच डोक्यावरून उतरवावी तशी.

पालखी उठली. पोर आईच्या कडेवरून टाळ्या वाजवत होतं.

पूर्वी सूनबाईचा फोन दिवाळीला आणि मकर संक्रांतीला यायचा. आता रोज सकाळी येतो, कामावर जायच्या आधी.

"आत्या, बऱ्या हायसा न्हवं?"

मागं पोराचं शाळेचं दप्तर, डबा, बूट असा गोंधळ ऐकू येत असतो. मी ओठापर्यंत आलेलं तिखट उत्तर गिळते.

"हाय बाई, अजून हाय," मी म्हणते. तेवढं ऐकल्यावर ती पोराला शाळेत पाठवते.