डाव्या चाकाचा आवाज

ब्रेक लावला की पुढच्या डाव्या चाकातून बारीक ‘चीं’ असा आवाज यायला लागला, तेव्हा माझा पहिला संशय मिस्त्रीवर गेला. चारच दिवसांपूर्वी त्यानं पुढच्या दोन्ही चाकांचे ब्रेक पॅड बदलले होते. बदलले होते म्हणजे, बदलले असं तो म्हणाला होता. मी तेवढ्यात समोर चहाला गेलो होतो आणि परत येईपर्यंत चाकं चढवून झाली होती. चहाला गेलोच कशाला, याचा मला नंतर फार राग आला.

माझा स्वभाव संशयी आहे, ते मी नाकारत नाही. तीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होतो, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. कापडात खोट निघाली की विणकर म्हणणार माग खराब, मालक म्हणणार विणकर खराब, आणि शेवटी दोघंही माझ्याकडे बघणार. अशा जागी माणूस भोळा राहत नाही. माझी मुलगी म्हणते, ‘बाबा, तुम्ही आरशातसुद्धा स्वतःकडे तिरकं बघता.’

गाडी पंधरा वर्षांची आहे. नावावर माझ्या, पण चालवते मुलगी. ती मोडनिंबच्या शाळेत शिकवते आणि रोज हायवेनं जाऊन येऊन करते. त्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात, उलट्या बाजूनं येणाऱ्या मोटारसायकली असतात. त्यामुळे ब्रेकमधला आवाज मला नुसता आवाज वाटत नव्हता. ती संध्याकाळी दारात येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असायचा.

मी गाडी घेऊन भवानी पेठेत मिस्त्रीच्या दुकानी गेलो. मिस्त्रीनं स्वतः एक चक्कर मारली आणि हसत खाली उतरला.

“काका, नवीन पॅड हायत. बसायला आठ-पंधरा दिवस लागत्यात. आवाज आपोआप जाईल की.”

‘आपोआप’ हा शब्द मला आवडत नाही. आमच्या कारखान्यात आपोआप काही जात नसे. गेलंच तर ते कुणीतरी नेलेलं असे. मी म्हणालो, “जुने काढलेले पॅड दाखवा.”

“ते भंगारात गेले की.”

झालं, माझी खात्रीच पटली. जुनेच पॅड पॉलिश पेपरनं घासून परत बसवले असणार, आणि पुरावा गेला भंगारात. मी गाडी घेऊन निघालो. तोंडावर भांडण्यापेक्षा गुपचूप छडा लावायचा, ही माझी पद्धत.

घरी आल्यावर माळ्यावरची तेलाची डबी काढली. लांब चोचीची, कारखान्यातली, निवृत्त होताना मी मागून घेतलेली. मागातून करकर आली की आधी तेल, मग बाकीची चौकशी. हे माझ्या हाताला इतकं बसलंय की दाराची बिजागरी वाजली तरी मी उठतो. चाकाच्या भोकातून डबीची चोच आत घातली आणि आतल्या चकाकणाऱ्या डिस्कच्या कडेला चार थेंब सोडले. गाडी थोडी पुढं ढकलली आणि आणखी चार सोडले.

गल्लीत हळूच एक चक्कर मारून ब्रेक दाबला. आवाज गेला! ज्याला मिस्त्रीचे पंधरा दिवस लागणार होते, ते माझ्या आठ थेंबांत झालं. मुलीला किल्ली देताना मी ऐटीत म्हणालो, “त्या मिस्त्रीचं काम बरोबर नाही. बदलला पाहिजे.”

पुढचे तीन दिवस ती आली की मी विचारायचो, “ब्रेक कसे आहेत?” ती म्हणायची, “छान आहेत, बाबा.” तिसऱ्या दिवशी हे उत्तर मला जरा जास्तच पटकन आल्यासारखं वाटलं. मुलगीच गाडी दामटत असेल, असंही मनात येऊन गेलं.

रविवारी भाजी आणायला मीच गाडी काढली. सिग्नलला ब्रेक दाबला तर चाकातून घुर्रर्र असा जाड आवाज आला, गाडी उजवीकडे ओढली गेली आणि पुढच्या रिक्षाला टेकता टेकता थांबली. भाजी राहिली बाजूला. मी तशीच हळूहळू गाडी मिस्त्रीकडे नेली. त्याचं दुकान शुक्रवारी बंद असतं, रविवारी चालू. या वेळी मी चहाला गेलो नाही. चाकाशेजारी उभाच राहिलो.

त्यानं चाक काढलं, डिस्कवर बोट फिरवलं आणि बोट नाकाजवळ नेलं.

“काका, ह्ये तेल कुटनं आलं?”

त्यानं पॅड काढून माझ्या हातात दिले. जाड होते, कोरे होते, पाठीमागची छापील अक्षरंसुद्धा शाबूत होती. फक्त तेलानं माखलेले होते.

“तुमी घातलं व्हय?”

“मागाचं होतं. थोडंसंच.”

त्यानं बोट फडक्याला पुसलं. “काका, मागाला फिरायचं असतंय. ह्याला थांबायचं असतंय.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच वेळी माझा फोन वाजला. मुलगी होती, भाजीला इतका वेळ का म्हणून विचारत होती. “अगं, ते ब्रेक...” एवढंच मी म्हणालो. मिस्त्रीनंच फोन घेतला.

“ताई, गाडी माझ्याकडं हाय. पॅड बसवताना माझाच तेलाचा हात लागला. चूक झाली. नवीन टाकून देतो.”

तिचा आवाज मला बाहेर ऐकू आला. “बाबा म्हणतच होते, तुमचं काम बरोबर नाही म्हणून.”

त्याचा चेहरा उतरला. पण तो एवढंच म्हणाला, “व्हय, ताई.”

मला स्वतःची लाज वाटली. मी फोन ओढून घेतला. “त्यांनी नाही. तेल मी घातलं.”

मग ती म्हणाली, “परवा मोहोळजवळ ट्रॅक्टर आडवा आला तेव्हा गाडी थांबता थांबेना, बाबा. शेवटी रस्त्याखाली उतरवली.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही म्हणाला असता, तूच दामटली असशील.”

मी खरंच तसं म्हणालो असतो.