सायलीचा पासपोर्ट

आधीच सांगते, भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई मी नाही. मी वसईची, ख्रिस्ती घरातली. आमच्या गावात जुनी तळी आहेत, त्यांना बावखल म्हणतात, आणि प्रत्येक बावखलाची एक तरी गोष्ट असतेच. कुणाला तिथे बाई दिसली, कुणाचा पाय कुणीतरी धरला... माझी काकी अशा गोष्टी रंगवून सांगायची आणि मी तिला विचारायचे, तारीख कुठली, वेळ काय, आणखी कुणी पाहिलं? इतिहास शिकवायला लागायच्या आधीपासून मला ही खोड आहे. म्हणून वाचकांच्या गूढ अनुभवांच्या या सदरात एक दिवस मीच लिहायला बसेन असं कुणी म्हटलं असतं, तर त्याला मी वेड्यात काढलं असतं.

मस्कतमध्ये येऊन मला सतरा वर्षं झाली. मदिनत सुलतान काबूसला राहते आणि इथल्या एका भारतीय शाळेत नववी-दहावीला इतिहास शिकवते. शाळेचं नाव देत नाही. ग्रीसची शैक्षणिक सहल हे माझंच खूळ होतं. चार वर्षं मुख्याध्यापकांच्या मागे भुणभुण लावून ती मी पदरात पाडून घेतली. बावीस मुलं. प्रत्येकाला प्राचीन ग्रीसमधली एकेक जागा नेमून दिली होती. त्या जागी पोचल्यावर त्या मुलाने गाईड व्हायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा कुणाला देऊळ आलं, कुणाला नाट्यगृह, कुणाला शर्यतींचं मैदान. दहावीतल्या सायली परबला अथेन्समधलं जुनं स्मशान आलं, आणि ती रडवेली झाली.

पालकसभेला तिचे वडील आले होते. प्रकाश परब, मूळचे देवगडकडचे. मस्कतपासून तीन तासांवर, इब्रीला एका जनरेटर दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये फोरमन होते. बायको आणि मुलगी शाळेसाठी मस्कतला वादी कबीरमध्ये, आणि ते दर गुरुवारी गाडी चालवत घरी यायचे. माझ्याशी बोलताना फार जपून, पुस्तकी मराठीत बोलायचे. सायलीने स्मशानाची तक्रार केली तेव्हा ते हसले आणि मला म्हणाले, "मॅडम, स्मशान तर स्मशान. जग बघू दे तिला." मला तो माणूस तेव्हाच आवडला.

सहल ईदनंतर तीन आठवड्यांनी होती. मुलांचे बोटांचे ठसे देऊन झाले होते. पासपोर्ट व्हिसा सेंटरला जमा करायचे तेवढे राहिले होते, आणि त्यासाठी शेवटचा दिवस होता ईदच्या सुट्टीआधीचा बुधवार. त्यानंतर नऊ दिवस सगळं बंद. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढचं सगळं त्या नऊ दिवसांवर आहे.

बुधवारी सकाळी मी वाचनालयाशेजारच्या खोलीत बसले होते. टेबलावर कुकीजचा रिकामा पत्र्याचा डबा, त्यात बावीस पासपोर्ट, आणि शेजारी पालकांची नोंदवही. शाळेचा नियम असा की कुठलाही पालक भेटला की वेळ लिहायची, काय बोलणं झालं ते एका ओळीत लिहायचं आणि पालकाची सही घ्यायची. पोरं मला पाठीमागे 'रजिस्टर मिस' म्हणतात. मला ठाऊक आहे, आणि मला त्याचा थोडा अभिमानच होता.

मान वर केली तर समोर परब उभे. दार वाजलेलं मी ऐकलं नाही, पण त्या दाराला एसीमुळे रबर लावलंय, ते वाजत नाहीच. कामाचे निळे कपडे. शर्टाची डावी बाजू खांद्यापासून कमरेपर्यंत धुळीने माखलेली, उजवी स्वच्छ. मला वाटलं, वाटेत कुठे गाडीचा टायर बदलला असेल. त्यांनी उजवा हात पुढे केला होता, तळवा वर करून, काही घ्यायला करतात तसा.

"मॅडम, चेडवाचो पासपोर्ट व्हयो," ते म्हणाले.

चेडू म्हणजे मुलगी, एवढं मालवणी मला कळतं. पण माझ्याशी ते कधीच मालवणीत बोलले नव्हते, म्हणून मी जरा चमकले. मग चिडले. खरं सांगते, चिडलेच. दर सहलीला असा एक पालक निघतोच, ज्याला ऐन वेळी उपरती होते. मी त्यांना समजावलं की पासपोर्ट आत्ता जाणार आहेत, एक नाव काढलं तर सगळी यादी नव्याने करावी लागेल, इतर एकवीस मुलांचं काय? त्यांनी ऐकून घेतलं. हात तसाच.

"तिका माझ्यावांगडा गावाक येवक व्हया," ते म्हणाले. तिने माझ्याबरोबर गावाला यायला हवं.

म्हणजे ईदच्या सुट्टीत गावी जायची टूम निघाली, असा मी अर्थ लावला. पासपोर्ट ईदनंतरच परत मिळतील असं महिनाभर आधी लेखी कळवलेलं असताना! मी नोंदवही ओढली आणि लिहिलं – '११.४०. सायलीचे वडील. पासपोर्ट परत मागतात. नकार दिला.' वही त्यांच्याकडे फिरवली, वर पेन ठेवलं. त्यांनी पेनाकडे पाहिलंसुद्धा नाही. मी म्हटलं, "परब, ईदनंतर या. आज मिळणार नाही."

"मगे काय उपेग नाय, मॅडम."

आवाजात राग नव्हता. गयावयाही नव्हती. मी डबा पिशवीत ठेवायला खाली वाकले. वर पाहिलं तर खोलीत कुणी नव्हतं, आणि मला चक्क सुटल्यासारखं वाटलं. सव्वा वाजता मी बावीसच्या बावीस पासपोर्ट जमा करून पावती घेतली. येताना लबान, म्हणजे इथलं ताक, प्यायले.

साडेचारला सायलीच्या वर्गशिक्षिकेचा फोन आला. सायलीचे वडील गेले. इब्रीच्या रस्त्यावर गाडी ट्रकला धडकली, डाव्या अंगावर उलटली. मी विचारलं, किती वाजता? मला वाटलं ती दोन-तीन म्हणेल, शाळेतून निघाल्यावर. ती म्हणाली, सकाळी सात-सव्वासातला, ईदसाठी घरी येताना. पोलिसांनी कंपनीला कळवलं, कंपनीने घरी कळवलं, त्यात दुपार झाली. मी परत विचारलं. तिने परत तेच सांगितलं.

तासाभराने मी वादी कबीरला त्यांच्या घरी होते. खोलीत इब्रीहून आलेले वर्कशॉपचे दोघेजण, शेजारच्या बायका, कोपऱ्यात सायली. तिची आई उठून माझ्याजवळ आली. रडत नव्हती. माझा हात धरून म्हणाली, "मॅडम, सायलीचा पासपोर्ट तुमच्याकडेच आहे ना? तिकिटं काढायचीत."

आयुष्यात मी बरेच प्रश्न टाळलेत, पण तो टाळता आला नाही. मी सांगितलं, सव्वा वाजता जमा केला. ती म्हणाली, "आज?" मी म्हटलं, आज. ११.४० चं काही बोलले नाही. काय बोलणार होते?

पुढचे चार दिवस मी जिथे विचारता येईल तिथे विचारलं. व्हिसा सेंटरच्या बंद दारावर दोनदा जाऊन आले. फोनवरची माणसं भली होती, सॉरी मॅडम म्हणायची, ईदनंतर लगेच बघू म्हणायची, इन्शाल्ला. नियमाने ती सगळी बरोबर होती. मी तरी काय वेगळं केलं होतं? मृत्यूचे कागद मात्र सुट्टीतही झाले, कंपनीने धावपळ केली, रविवारी विमान मिळालं. आई नवऱ्याचं शव घेऊन गेली आणि एकुलती एक मुलगी माझ्या घरी राहिली. विमानतळावर तिने आईला सोडलं तेव्हा मी खांबाआड उभी होते. लाज वाटत होती.

सोमवारी सकाळी दहाला सायलीच्या चुलतभावाने गावाहून व्हिडिओ कॉल लावला. माझ्या जेवणाच्या टेबलावर, पाण्याच्या जगला टेकवून सायलीने फोन उभा केला. माणसांच्या पाठी दिसल्या, एक आंब्याचं झाड दिसलं, मग चित्र थिजलं. पुन्हा लागलं तेव्हा धूर होता. ती म्हणाली, "टीचर, पप्पांचा फेस मला नाही दिसला." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. माझ्याने एवढंच झालं.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी ती लॅपटॉप उघडून बसली. मी म्हटलं, राहू दे ते. ती म्हणाली की काहीतरी करायला हवं, आणि तिने मला तिच्या जागेची चित्रं दाखवली. अडीच हजार वर्षांपूर्वीचे थडग्यांचे दगड. इतकी वर्षं शिकवतेय, मला ते पाठ आहेत. पण त्या दिवशी ती मला शिकवत होती, अडखळत, अर्धं इंग्रजीत. "बघा, हा बसलाय, ही उभी आहे. कोण डेड आहे ते कधीकधी कळतच नाही. पण हँड बघा... दे आर होल्डिंग हँड्स. गुडबाय म्हणतायत. सगळ्या स्टोन्सवर असंच आहे, टीचर. कुणीतरी हात पुढे करतं आणि दुसरा तो घेतो."

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

पासपोर्ट चौदाव्या दिवशी आला. त्यावर ग्रीसचा व्हिसा होता, नीट चिकटवलेला. तोवर गावी तेरावंही होऊन गेलं होतं. सायली त्याच आठवड्यात देवगडला गेली आणि परत आली नाही. सहल झाली. मी गेले नाही, दुसऱ्या शिक्षिकेला पाठवलं.

खुलासा शोधायचा मी कमी प्रयत्न केलेला नाही. दुसराच कुणी पालक असेल? बावीस मुलांत मालवणी बोलणारं दुसरं घर नाही. आदल्या दिवशी आले असतील आणि मी वार चुकले? आदल्या दिवशी ते संध्याकाळपर्यंत वर्कशॉपमध्ये होते, तिथल्या हजेरीत आहे. गेटवरच्या वहीत त्यांचं नाव नाही, पण सुट्टीआधीच्या दिवशी गेटवर झुंबड असते, निम्मी नावं कुणी लिहीतच नाही. नवरा म्हणतो, धक्क्याने नंतर तू हे रचलंस. मग मी त्याला माझ्या नोंदवहीचा फोटो दाखवते. खालची ओळ अकरा पन्नासची आहे, दुसऱ्या एका आईची, तिच्या सहीसकट. वरची ११.४० ची, माझ्या अक्षरात. सहीचा रकाना कोरा. नवरा चष्मा काढून पुसतो आणि विषय बदलतो. मी त्या वर्षी चर्चमध्ये परबांसाठी मिस्सा ठेवली. फादरनी विचारलं, आप्त होते का? मी म्हटलं, पालक होते.

भीती मला तेव्हाही वाटली नव्हती आणि आताही वाटत नाही. मला घाबरवायला ते आलेच नव्हते. एक बाप मुलीला न्यायला आला होता, हात पुढे करून उभा होता, आणि त्या हातापुढे मी रजिस्टर सरकवलं. पासपोर्ट तेव्हा माझ्या कोपराला लागून होता. त्यांच्या हातापासून दोन वितींवर.

सायली आता पुण्यात कॉलेजला आहे. वर्षातून एकदा फोन करते. गेल्या आठवड्यात केला तेव्हा सहज विचारल्यासारखं म्हणाली, टीचर, लास्ट टाइम पप्पा तुम्हाला कधी भेटले होते? मी म्हटलं, पालकसभेला.

खोटं बोलले. का, तेही मला सांगता येत नाही. तिला मराठी वाचता येतं, पण अक्षरांवर बोट ठेवून, सावकाश. कदाचित म्हणूनच हे इंग्रजीत न लिहिता इथे लिहिलं. किंवा कदाचित तिने बोट ठेवून, सावकाश, हे वाचावं म्हणून.