जिवंत बाईंच्या फोटोला हार

टेबलावर ठेवलेल्या झेंडूच्या हाराचा उग्र वास आला आणि हिंगणीच्या आमच्या शाळेतला तो विज्ञान दिन आठवला. त्या वर्षी भिंतीवरच्या परदेशी शास्त्रज्ञांच्या रांगेत मी हट्टानं एका बाईंचा फोटो लावला होता. गावातल्या अर्ध्या वावरांत पेरला जाणारा कापसाचा वाण त्यांनी तयार केला होता. वाणाचं नाव सगळ्यांना पाठ, बाईंचं कुणालाच माहीत नाही. निवृत्तीनंतर त्या पिपरी मेघेला राहत आणि त्या दिवशी आमच्या पाहुण्या होत्या. हॉलमध्ये शिरताच त्या थबकल्या, कारण शिपाईमामांनी बाकीच्यांबरोबर त्यांच्याही फोटोला हार घातला होता. "फोटो लागला म्हन्जे बाई गेल्याच असतीन, असं वाटलं मले," मामा पुटपुटले. हेडमास्तर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मॅडम, जित्या माणसाचा फोटो लावत नसतेत. काढा तो." मी म्हणाले, "नाही काढणार, सर. मेल्याशिवाय आपल्या माणसाले भिंतीवर जागाच नाई काय?" बाईंनी ते ऐकलं असावं. त्यांनी फोटोवरचा हार काढून स्वतःच्या गळ्यात घातला. "मेल्यावर घालसान तं मले त्याचा वास तरी येईन काय?" म्हणाल्या, आणि तो हार तसाच ठेवून तासभर पोरांना कापसाचं चांगलं झाड कसं निवडायचं ते सांगत राहिल्या. परवा बाई गेल्या. आता हार घालायला कुणाचीच हरकत नाही, असं नवे हेडमास्तर म्हणतात. म्हणूनच त्यांच्या फोटोसाठी आणलेला हा नवा हार अजून माझ्या टेबलावर आहे, आणि तिथंच सुकणार आहे.