अण्णांच्या खिशातली डबी

चामराजपेटच्या आमच्या घरात मी बोलत नाही, ओरडते. आज कुठली भाजी केली हे शेजारच्या अक्कांना घरातल्यांच्या आधी कळतं. शाळेत शिकवून घसा तयार झालाय म्हणून निभावतं, एवढंच.

याला कारण माझे वडील, अण्णा. उमेदीची सगळी वर्षं कापडगिरणीत फिटर होते आणि मागांच्या खडखडाटात कान गेले. पण कबूल करतील तर शपथ! गिरणीत सगळेच एकमेकांचे ओठ वाचून बोलायचे. ती विद्या अण्णांपाशी अजून आहे. समोर उभं राहून मराठीत बोला नाहीतर कन्नडात, त्यांना बिनचूक कळतं. वर "मला ऐकू येत नाही असं कोण म्हणतं?" हेही आपल्यालाच ऐकावं लागतं.

अडलं ते फोनपाशी. फोनला ओठ नसतात, आणि व्हिडिओवर चित्र अडकत अडकत येतं. माझी मुलगी पुण्याला शिकायला गेली. दर रविवारी ती आजोबांसाठी फोन करते आणि अण्णा "तूच बोल" म्हणून तो माझ्याकडे सरकवतात. तिच्याशी रोज पत्ते कुटणारा माणूस! मी कानाचं यंत्र आणून दिलं. ते डबीसकट शर्टाच्या खिशात गेलं आणि तिथेच राहिलं. तरी मी वेड्या आशेने त्यातली बॅटरी बदलत राहिले.

गिरणी केव्हाच बंद झाली. त्या जुन्या दगडी इमारतीत आता कलेची प्रदर्शनं भरतात. गेल्या महिन्यात तिथे नुसत्या आवाजांचं प्रदर्शन लागलं. दुसऱ्या गावच्या चालू मागांचे आवाज एका मुलीने टिपून आणले होते आणि आमच्या मागांच्या शेडमध्ये चहूकडे स्पीकर बांधले होते. आत मिट्ट काळोख. अण्णांना आवाजाशी कर्तव्य नव्हतं, त्यांना शेड बघायची होती. एका रविवारी आम्ही गेलो.

आत जाजमावर बसलो. माग सुरू झाले तशी जमीन थरथरली. शेजारी बघते तर अण्णा गायब! दाराच्या फटीतून येणाऱ्या उजेडात त्यांची आकृती तेवढी दिसली. स्पीकर बांधलेल्या लोखंडी खांबाला छत्रीचं टोक टेकवून तिची मूठ त्यांनी कानामागच्या हाडाला लावली होती. फिटर लोक लांब स्क्रूड्रायव्हर असाच यंत्राला लावून त्याचं दुखणं शोधतात.

"याचं बेअरिंग गेलंय! कोण बघतं इथे?" अण्णा कन्नडात गरजले.

लोक हसले. मी शरमेने अर्धी झाले. आवाज थांबले आणि ते टिपून आणणारी मुलगी अंधारातून पुढे आली. "कुठल्या मागाचं, अण्णा? कसं ओळखलंत?"

"काय?"

तिने पुन्हा विचारलं. अण्णांना तिचे ओठ दिसेनात. सवयीने मी मध्ये तोंड घालणार, तेवढ्यात त्यांनी मला हाताने अडवलं. "स्वल्प थांब गं. मी तिच्याशी बोलतोय." आणि खिशातली डबी उघडल्याचा आवाज आला.

मग अर्धा तास त्या दोघांचं तेल, पट्टा आणि बेअरिंग चाललं होतं. "मग हा आवाज काढून टाकू का?" तिने शेवटी विचारलं.

"छे! आजारी माग पण मागच. फक्त त्या गावच्या फिटरला कळव."

"सरी, अण्णा, कळवते," ती हसत म्हणाली.

बाहेर ऑटोत बसल्यावर मी नेहमीच्या पट्टीत विचारलं, "अण्णा, भाजी घ्यायची का?"

"ओरडतेस कशाला? ड्रायव्हर दचकला बघ."

मला इतका आनंद झाला की मी ड्रायव्हरची माफी मागितली, तीही हळू आवाजात. अण्णांनी यंत्र बोटाने नीट बसवलं आणि माझ्यापुढे हात केला. "आज रविवार ना? लाव तिला फोन."

मी लावून दिला. तो माझ्या हातात परत आला तेव्हा ऑटो आमच्या दारात उभी होती, आणि भाजी घ्यायची राहूनच गेली होती.